कातळवाडीच्या नावाची बाटली

दर्शना गोताडबद्दल कुणी गोड बोलायला लागलं की मला हल्ली उठून जावंसं वाटतं. 'मातीची लेक' काय, 'सड्यावरची वाघीण' काय! लोक येतात, तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात आणि गाडीत बसून एसी लावतात. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परड्यांमध्ये दगड रचलेला एक गडगा आहे आणि त्या गडग्यावरून आम्ही माझं लग्न होऊन आल्यापासून भांडतो आहोत. ती सकाळी मशेरी लावते आणि नेमकी माझ्या बाजूला थुंकते. वाघीण वगैरे काही नाही. हट्टी आणि तोंडाळ बाई आहे. पण जे घडलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, आणि ज्यांनी बघितलं नाही ते त्यावर लिहीत सुटलेत, म्हणून मला लिहावं लागतंय.

राजापूरच्या रस्त्याला आमची कातळवाडी. नावाप्रमाणेच सगळा जांभा दगड. दर्शनाचा नवरा मुंबईत वॉचमन होता, तो तिकडेच वारला. तिच्या वाट्याला आली ती सड्याच्या, म्हणजे उघड्या कातळमाळाच्या, कडेची जमीन आणि त्यातली जांभळीची जुनी झाडं. ती कुणी लावलेली नाहीत, पाखरांनी लावली असतील. फळ बारीक, त्यात बी मोठी, आणि तुरट तर इतकं की जीभ लाकडासारखी होते. बाजारात कुणी फुकट घेतलं नसतं.

मग स्वरूप आला. पुण्याचा मुलगा, दाढीला तेल लावणारा. त्याने जवळच फळांच्या वाइनचा कारखाना काढला. दर्शनाचं जांभूळ तोंडात टाकून त्याने असे डोळे मिटले की मला वाटलं, घशात बी अडकली.

"काकू, हा तुरटपणाच तर मला हवाय," तो म्हणाला. "तुमच्या झाडांची वाइन मी वेगळ्या टाकीत ठेवणार. दुसऱ्या कुणाचं एक फळ त्यात पडू देणार नाही. आणि बाटलीवर तुमच्या वाडीचं नाव."

आणि त्याने ते केलं, हे कबूल करायला हवं. 'कातळवाडी. झाडे : दर्शना गोताड.' मराठीत छापलेलं. दर्शनाने पहिली बाटली टीव्हीवर ठेवली आणि तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला. गावातले पुरुष तिला दारूवाली म्हणायला लागले. हे म्हणणारे कोण, तर जे तिन्हीसांजेला नाक्यावरून घरापर्यंत सरळ चालत येऊ शकत नाहीत ते! ती ऐकून घेत नव्हती. "माज्या बाटलीवर माजं नाव हाय," ती म्हणायची. "तुमच्या बाटलीवर कुनाचं हाय, बगा तरी."

स्वरूपला फळ देणाऱ्या बायकांचा एक गट झाला. खाडीकाठच्या मोहल्ल्यातली खतिजा त्यात होती, तिची कोकमं. सेंद्रिय असल्याचा दाखला सगळ्यांना मिळून एकच. एकीने झाडाला औषध घातलं तर सगळ्यांचा दाखला जाणार. त्यामुळे मुंग्यांची पावडरसुद्धा कुणी टाकत नव्हतं. दर्शनाच्या झाडाला हात लावला की डोंगळे माझ्या मनगटावर चढत, आणि ती म्हणायची, "चावले तर चावले, काकी, त्यांचापन सड्यावर हक्क हाय."

आता आमच्याकडची एक रीत सांगते. मुंबईकर भाऊ आपल्या वाट्याचे आंबे व्यापाऱ्याला कराराने देतो. व्यापाऱ्याची माणसं भर पावसात येऊन आंब्याच्या बुंध्याशी आळं करतात आणि एक औषध ओततात. त्याने झाडाला जबरदस्तीने मोहर येतो. झाड दमतं, पण ते दमलेलं बघायला मुंबईकर इथे असतो कुठे?

दर्शनाचा दीर रामा हा असलाच मुंबईकर. त्या वर्षी आषाढात तो करारासाठी येऊन गेला तेव्हा दर्शना भातलावणीला माहेरी गेली होती. पुढे गणपतीला तो परत आला. मी आरतीला गेले होते. पानं वाढली होती, रामा दुसऱ्या मोदकावर तूप ओतत म्हणाला, "वयनी, यंदा तुज्या जांभळांचंपन काम करून टाकलंय."

"कसलं काम?"

"औषधवाले आलेले ना आंब्यांना, त्यांना म्हटलं, हीपन झाडं उरकून घ्या. अगो, एवढी थोरली झाडं, आनि फळ बघावं तर शेळीच्या लेंडीएवढं! आता बघ कशी धरतात ती."

दर्शना वाकली आणि तिने रामाच्या पुढ्यातलं पान उचललं. गणपतीत, जेवत्या माणसाचं! रामाच्या हातात अर्धा मोदक.

"तुज्या भल्यासाठी केलं गो मी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटत होतं. मला त्याचीच किळस आली. वाईट करायला आलेल्या माणसाला निदान हाकलता येतं.

दुसऱ्या दिवशी ती झाडांच्या बुंध्याशी खणत होती. माती टोपलीत भरायची आणि लांब नेऊन टाकायची. मी गडग्यावरून ओरडले, "दर्शना, आषाढात ओतलेलं आता मुळांत गेलं ते! काय खणतेस?" ती खणत राहिली. अशा वेळी तिला समजवायला जाणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

तिने स्वरूपला फोन करून सगळं सांगितलं. तो आला तो माझ्याच ओटीवर बसला, कारण दर्शनाने त्याला चहा विचारला नाही. "काकू," तो गडग्यापलीकडे उभ्या दर्शनाला म्हणाला, "झाडं एकदा बाद झाली की परत सेंद्रिय ठरायला तीन वर्षं जातात. तुम्ही मला काही सांगितलेलंच नाही, बरं का." किती गोड हसला!

नंतर खतिजा आली. ती हसली नाही. "दर्शना, तुज्या दिरानं माती खाल्ली, ती आमच्या तोंडात कशाला घालतेस? तोंड बंद ठेव. बाईमानसाचं एक काम सरळ चाललंय, तेपन तू बुडीव."

दर्शनाने तोंड बंद ठेवलं. थंडीत दाखल्याचे तपासनीस आले. त्यांनी कंपोस्टचा खड्डा बघितला, खड्ड्याशेजारी तिला उभी करून फोटो काढला, कोंबडीचा रस्सा आणि घावणे हाणले, 'एकदम शुद्ध' म्हणाले आणि गेले. शुद्ध काय, जेवण की झाडं, हे मी विचारणार होते.

"गप राहिलीस ना?" मी तिला गडग्यावरून म्हटलं.

"राहिले. मंग काय करू? सगळ्या बायांचे तळतळाट घेऊ?"

"छान. मग बाटलीवर रामाचं नाव छापा."

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

मे महिन्यात झाडं लगडली. असं पीक कातळवाडीने कधी बघितलं नव्हतं. टपोरी, चकचकीत जांभळं, फांद्या वाकलेल्या. येणारा जाणारा थांबून कौतुक करत होता. दर्शनाने एक तोंडात घातलं, चावलं आणि थुंकलं. माझ्याच बाजूला, अर्थात.

"गुळमट पानी," ती म्हणाली. "ह्याच्यावर माजं नाव? थू!"

कारखान्याचा टेम्पो आला तो तिने रिकामा परत पाठवला. सगळी जांभळं टोपल्यांत भरून ती एसटीने राजापूरच्या बाजारात गेली आणि पानांवर वाटे मांडून विकून आली. कुणी विचारलं तर सांगायची, "औषधाचे आंबे खाता ना? तशीच हायत ही." लोक घेत होते. स्वरूपला तिने माझ्यासमोर फोनवर बजावलं, यंदा तिच्या नावाची बाटली काढायची नाही. "हो हो, काकू, काळजीच नको," असं तो म्हणालेला मीही ऐकलं.

पुढच्या थंडीत कारखान्यात पाहुण्यांसाठी वाइन चाखण्याचा कार्यक्रम झाला. दर्शनाला बोलावणं होतं. मला इंग्रजी येतं म्हणून तिने मला ओढत नेलं. मांडव, वेताच्या खुर्च्या, मिरकरवाड्याच्या बंदरावरून आणलेली कोळंबी काड्यांना टोचलेली, आणि सोलकढी औषधाच्या डोसाएवढ्या ग्लासात. पाहुणे मुंबई-पुण्याचे. आणि मधल्या टेबलावर बाटल्यांची रांग : 'कातळवाडी. झाडे : दर्शना गोताड.'

पाहुणे ग्लास गोल गोल फिरवत होते. एक टकलू गृहस्थ नाक आत खुपसून म्हणाले, "जांभा दगड! मला चक्क जांभा दगडाचा वास येतोय!" त्यांची बायको म्हणाली, तिला समुद्राचा वारा लागतोय.

दर्शनाने ग्लास घेतला, घोट तोंडात फिरवला आणि थुंकला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. वाइन जाणणारे थुंकतातच म्हणे.

"स्वरूप," ती म्हणाली, "ही कुनाची जांभळं?"

"काकू, नंतर बोलू या ना."

"माजी झाडं यंदा बाटली. माज्या दिरानं औषध ओतलं. मी एक फळ तुला दिलं नाय. मंग ही कुनाची?"

स्वरूपचा चेहरा उतरला. "घाटावरून आणावी लागली," तो पुटपुटला. "टाकी रिकामी कशी ठेवणार? ऑर्डरी आधीच घेतलेल्या..."

मला वाटलं, आता निदान कुणाला तरी लाज वाटेल. टकलू गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. "किती प्रामाणिक बाई! हेच तर कोकण!" आणि त्यांनी त्याच बाटल्यांचा खोका गाडीत ठेवायला सांगितला. मला वाटतं, माणूस जातीची इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नसेल.

गटातल्या बायका मागे उभ्या होत्या. खतिजाने डोक्यावरची ओढणी पुढे ओढली. "झालं तुजं समाधान?" ती म्हणाली. "आता आमाला कोन विचारनार?" तिचं काही चुकत नव्हतं. पुढे दाखला रद्द झालाच, सगळ्यांचाच. त्या दिवसापासून खतिजा दर्शनाशी बोलत नाही.

पण दर्शनाने तेव्हा मागे बघितलं नाही. ती टेबलाशी गेली, लिंबं चिरायची सुरी उचलली, खुर्ची ओढून बसली आणि एकेक बाटली मांडीत घेऊन आपल्या नावाचा कागद खरवडायला लागली. स्वरूप "काकू, काकू" करत होता. "तुजी दारू तुला," ती म्हणाली. "वीक नायतर वत. नाव माजं हाय." तो पाहुण्यांसमोर तिच्या हातातली सुरी थोडीच ओढणार होता! मीही एक चमचा घेतला आणि बसले. कागद चांगलाच चिकटवला होता मेल्यांनी.

पाहुणे भोवती जमले. मोबाइल निघाले. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं त्यांना वाटलं असावं. मोत्यांच्या कुड्या घातलेली एक मुलगी दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, मी पण करून बघू? फक्त फोटोपुरतं."

दर्शनाने तिच्या हातात बाटली दिली. "फोटोपुरतं नाय. बस. अजून लय हायत."

मुलगी बसली. दोन बाटल्या झाल्यावर तिचं नख तुटलं आणि ती उठून गेली. आम्ही दोघी उरलेल्या खरवडत बसलो.