सासऱ्यांचं भारी सैन्य

चर्च सुटलं की आमचे सासरे आल्बान थेट गुत्त्यात. रविवारच्या जेवणाला त्यांना तिथून ओढून आणायचं काम माझं, त्यामुळे तिथली वटवट मला तोंडपाठ होती. बियरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या म्हणजे पलटणी. त्या टेबलभर मांडून ते दाखवायचे, की पहिल्या महायुद्धात त्यांचं, म्हणजे जर्मन सम्राट कैसरचं सैन्य चार वर्षं निम्म्या जगाशी झुंजलं आणि शेवटच्या दिवशीही शत्रूच्याच जमिनीवर उभं होतं. "तुम्ही मात्र रशियनांना बर्लिनपर्यंत वाट दाखवलीत," हा टोमणा वेंडेलीनला. दुसऱ्या युद्धात एक हात गमावून आलेला वेंडेलीनही हटायचा नाही. तुम्ही चार वर्षं चिखलात लोळलात, आम्ही सव्वा महिन्यात पॅरिस घेतलं, म्हणायचा.

सासरे खोगिरं शिवायचे. हाताने कसबी, स्वभावाने हेकट. त्यांचा मुलगा, माझा नवरा लिओनहार्ट, वेंडेलीनच्याच सैन्यातून लढताना रशियात बेपत्ता झाला होता. त्याच्याबद्दल घरात चकार शब्द नाही आणि गुत्त्यात त्याच्या सैन्याची टिंगल. माझं डोकं फिरायचं.

छप्पन्न साली गावच्या स्मारकावर दुसऱ्या युद्धातली नावं कोरायची ठरली. मृत एका बाजूला, बेपत्ता दुसऱ्या. रशियातले शेवटचे कैदी नुकतेच परतले होते, त्यांत लिओनहार्ट नव्हता. मला त्याचं नाव मृतांत हवं होतं. ना धड बायको ना विधवा, या जगण्याला मी विटले होते. सासरे मात्र ऐकेनात.

पाथरवट नावं विचारायला गुत्त्यात आला, तेव्हा माझ्यासाठी वेंडेलीनने हार पत्करली.

"आल्बानकाका, तुमचंच सैन्य भारी. आमचं शेवटी पार मोडलं होतं. त्यातून कोण वाचणार? मृतांत लिहू द्या त्याला."

इतकी वर्षं हेच ऐकायला तडफडत होते, आता खूश होतील असं मला वाटलं. ते तडकलेच.

"मोडलं कसलं? सव्वा महिन्यात पॅरिस घेतलंत ना? आमच्यापेक्षा तगडं होतं तुमचं. असल्या सैन्यातला माणूस तग धरतो. असेल सैबेरियात कुठेतरी."

मग ते माझ्याकडे वळले. "वाल्बुर्गा, बेपत्ताच राहू दे गं त्याला."

माझा संताप अजून उतरला नव्हता. पाथरवटाने विचारलं, कुठल्या बाजूला? आणि विधवा व्हायला आलेली मी म्हणाले, "बेपत्ता."