चिंचोक्याच्या दोन बाजू

“मॅडमचं काही समजून नाही राहिलं बे. उद्यापासून ताईच्या खोलीत बसू ना.”

आत एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता. मी दाराबाहेर चपला काढत होते. मॅडम म्हणजे मी. ताई म्हणजे आमगावच्या त्या शिकवणीत गणित घेणारी दुसरी मुलगी, माझ्याच वयाची. आमच्या दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची पातळ भिंत होती. पुढच्या वर्षीची दहावीची बॅच दोघींपैकी एकीलाच मिळेल, असं शिकवणी चालवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, आणि ती मला हवी होती.

संभाव्यतेचं प्रकरण चालू होतं. मी इंग्रजी शाळेतली. ‘नमुना अवकाश’, ‘यादृच्छिक प्रयोग’ असले शब्द घरी पाठ करून यायचे आणि फळ्याकडे तोंड करून म्हणायचे. नाण्याला दोन बाजू, म्हणून छापा पडण्याची संभाव्यता एक छेद दोन. पोरं मुकाट्यानं उतरवून घ्यायची. भिंतीपलीकडे मात्र नुसता कल्ला. पटाच्या खेळात फाशांऐवजी टाकतात तसे अर्धे फोडलेले चिंचोके ताईनं आणले होते.

“पांढरी बाजू किती वेळा वर आली, लिहा रे. याचं नाण्यावानी अर्धं-अर्धं नाही होत.”

तिला पोरं खिशातून बोरं आणून द्यायची. मला कुणी कधी काही आणलं नाही.

त्या दिवशी मी माझ्या वर्गाला सांगितलं, “चिंचोक्यालाही दोनच बाजू. म्हणजे एक छेद दोनच. पलीकडे चुकीचं शिकवताहेत.” आवाज मुद्दाम मोठा ठेवला. पलीकडचं हसणं थांबलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

घरी एक चिंचोका अडकित्त्यानं फोडला आणि अर्धा तुकडा फरशीवर शंभर वेळा टाकला. पांढरी बाजू छत्तीस वेळा वर आली. पुन्हा शंभर वेळा टाकला, या वेळी अलगद, ताई खोटी ठरावी म्हणून. चौतीस. गोल पाठ वर करून तो बहुतेक वेळा सपाट पांढऱ्या बाजूवर बसायचा. शक्यता दोन होत्या, पण सारख्या नव्हत्या. ‘समसंभाव्य’ हा शब्द तर मी आदल्याच आठवड्यात पाठ केला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही वर्ग एकत्र बसवले. “पोरं भांडून राहिली. चिंचोक्याचं किती, एकदाचं सांगून टाका.”

ताई कसनुसं हसली. “मॅडम इंग्लिश मीडियमच्या आहेत सर. त्या म्हणतात तर तसंच असन बाप्पा.”

तिला खरंच तसं वाटत होतं, आणि याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग आला. पोरांकडून टाकून, मोजून घेतलेलं तिनं माझ्यासाठी एका वाक्यात सोडून दिलं होतं. सर माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मी गप्प राहिले असते, तर बॅच माझीच होती.

“ताईचं बरोबर आहे,” मी म्हटलं. “मी न टाकताच सांगितलं होतं.”