शिंपिणीच्या गाडीचं झाकण

आमच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला सगळे गोगलगाय म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. ढगाची सावली माळावरून सरकावी, तसा त्याचा हात गाडीवरून सरकतो. कुठलाही भाग बसवण्याआधी तो डोळ्याजवळ धरतो, फुंकर मारतो, पुसतो, पुन्हा धरतो. गिऱ्हाईक तोवर चहा पिऊन येतं. काही जण जेवूनही येतात. पण त्याने बसवलेलं कधी निखळलं, असं मी ऐकलेलं नाही.

एका सकाळी शिंपी आला तो रडायच्या बेतात. मागून दोन हमाल जुनी गाडी ढकलत होते. गाडी त्याच्या बायकोची. लग्नाआधीची, आणि लग्नापेक्षा जास्त जपलेली. पाय मोडून ती दवाखान्यात होती आणि आज तिला सोडणार होते. तिने निरोप धाडला होता: माझ्या गाडीतून न्या, नाहीतर मी इथूनच बहिणीकडे जाते. बहिणीकडे गेली की ती लवकर परतत नसे, हे शिंप्याला अनुभवाने ठाऊक होतं.

टाकी कोरडी होती आणि टाकीच्या झाकणाला कुलूप. शिंप्याने किल्ली शिलाई मशीनच्या चाकासारखी स्वतःकडे फिरवली. ते कुलूप उलट्या बाजूला फिरणारं. फिरेना, म्हणून त्याने पक्कड लावली. अर्धी किल्ली आत राहिली, अर्धी हातात आली.

"कापड असतं तर तुम्हीच जोडलं असतं, शिंपीबुवा."

"चेष्टा नंतर करा, मिस्त्री. आधी फोडा."

"कोरड्या टाकीत पेट्रोलची वाफ असते. विजेचं ड्रिल लावलं आणि ठिणगी उडाली, तर वहिनी बहिणीकडेच बऱ्या. भरलेल्या टाकीला धोका कमी."

"मग भरा की."

"झाकण उघडलं की भरतो."

शिंप्याने यावर थोडा विचार केला आणि खाली बसला.

मिस्त्रीने हाताने फिरवायचं ड्रिल काढलं. टोकाला ग्रीस चोपडलं, म्हणजे लोखंडाचा कीस टाकीत न पडता त्यालाच चिकटतो. दोन वेढे फिरवायचे, टोक पुसायचं, पुन्हा ग्रीस. उन्हं दारातून आत आली, पार भिंतीपाशी पोचली. शेवटी कुलपाचा गाभा पोखरला गेला, आतला खटका पेचकसाने सरकला आणि झाकण हातात आलं.

फळीवर एक नवंकोरं झाकण होतं, दुसऱ्या गाडीसाठी आणलेलं. टाकीच्या तोंडावर ते नेमकं बसलं. मिस्त्रीने ते काढून डोळ्याजवळ नेलं.

"तुमची फुंकर होईपर्यंत ती बहिणीकडे जेवून झोपलेली असेल," शिंपी म्हणाला.

मिस्त्रीने आयुष्यात पहिल्यांदा झाकण न फुंकता बसवलं. डब्यातलं पेट्रोल ओतलं आणि गाडी गेली.

मग त्याने जुनं झाकण उचललं आणि सवयीने फुंकलं. फुंकर आरपार गेली. पोखरलेल्या कुलपातून नव्हे, कडेच्या एका बारीक भोकातून. पेट्रोल खाली उतरतं तशी त्याच्या जागी हवा आत यावी लागते. नाही आली तर टाकीचा श्वास कोंडतो आणि गाडी बंद पडते. नव्या झाकणाला भोक असल्याचं त्याला आठवेना.

मिस्त्रीला सायकलवर उभं राहून पायडल मारताना त्या दिवशी लोकांनी पाहिलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

दवाखान्याकडून येणाऱ्या चढावर गाडी उभी होती. शिंपी इंजिनाकडे बघत होता, माप चुकलेल्या सदऱ्याकडे बघावं तसा. शेजारी एक टॅक्सी थांबलेली. आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसलेली बायको टॅक्सीवाल्याला बहिणीचा पत्ता सांगत होती.

मिस्त्रीने झाकण फिरवलं. टाकीने सुस्कारा टाकला. शिंप्याने गाडी चालू केली, झाली.

"हे कुणी बसवलं, भावजी?"

"मीच, वहिनी."

"भोक न बघता?"

"न बघता."

तिने शिंप्याकडे बघितलं. शिंप्याने चढाकडे.

"घाई यांनी केली असणार," ती म्हणाली. "टॅक्सी जाऊ द्या."

जुनं झाकण आता बसणारं नव्हतं, आणि नवं सैल ठेवावं तर चढावर पेट्रोल सांडणार. म्हणून गाडी थोडी चालायची, थांबायची. मागून सायकलवर मिस्त्री यायचा, झाकण उघडून लावायचा. बायको आतून सांगायची, आता उघडा. अशी सगळी वाट सरली. एवढ्या सावकाश या रस्त्याने कधी कुठली गाडी गेली नसेल, पण मधे कुणाचा आवाज चढला नाही.

दारात शिंप्याने तिला खांद्याचा आधार दिला.

"आणलं बाई तुला."

"मी आले," ती म्हणाली, आणि आत गेली.