मूळ कागदांशिवाय

रविना मेंगाळ सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. वाडीत नर्सिंग शिकलेली ती पहिलीच. शहापूरकडे हायवेलगतच्या एका खासगी दवाखान्यात तिला काम मिळालं. रुजू होताना मॅनेजरने गुणपत्रिका, जातीचा दाखला, नर्सिंगचं प्रमाणपत्र, सगळे मूळ कागद ठेवून घेतले.

"सगळ्यांचेच ठेवतो. नाहीतर पोरी मधेच सोडून जातात," तो म्हणाला.

कामाची गरज होती. रविनाने दिले.

पुढे तिने आरोग्यसेविकेच्या सरकारी भरतीची परीक्षा दिली आणि निवड यादीत नाव आलं. बाप मंगळू घरोघरी गूळ वाटत फिरला. मग कागद तपासणीला ठाण्याला बोलावणं आलं.

"सर, एका दिवसासाठी द्या. संध्याकाळी आणून देते."

"सरकारी नोकरी लागल्यावर तू परत येशील?" मॅनेजर हसला. "डॉक्टर बाहेरगावी आहेत. ते आल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी मंगळू स्वतः आला. हात जोडून म्हणाला, "सायेब, पोरीचं कागद द्या. ती येईस्तवर मी ऱ्हातो इथं. झाडलोट करीन."

वॉचमनने त्याला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. रविना वॉर्डच्या खिडकीतून बघत होती. तिच्या हातात पेशंटचं सलाईन होतं, ते सोडून तिला खाली जाता आलं नाही.

ठाण्याला ती झेरॉक्स घेऊन गेली. टेबलामागच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मूळ कागद लागतातच गं. अर्ज दे, थोडी मुदत मिळेल."

मुदत मिळाली, पण मॅनेजरचं 'डॉक्टर आल्यावर बघू' ऐकण्यातच ती सरली. यादीतल्या पुढच्या मुलीला नेमणूक गेली.

मग वाडीतल्या भगीरथने तिला पोलीस ठाण्यात नेलं. तिथून दवाखान्यात एक फोन गेला. दुपारी मॅनेजर स्वतः फाइल घेऊन हजर झाला. "आधी सांगायचं ना, एवढं अर्जंट होतं ते," तो फौजदारासमोर म्हणाला.

रविनाने फाइल उघडून एकेक कागद तपासून घेतला.

"आधीच पोलिसात गेलो असतो तं?" परतताना मंगळूने विचारलं.

"मला सुचलंच नाय, बाबा."

"मला तरी कुठं सुचलं," म्हणत तो एसटीच्या खिडकीबाहेर बघत राहिला.

नवी भरती अजून निघालेली नाही. रविना मुरबाडच्या एका कारखान्यात खोकी भरते. कुठल्याच खासगी दवाखान्यात पुन्हा पाऊल ठेवायला ती तयार नाही.