गावाकडचा रेडिओ

आखातातल्या मेसईदला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक वयस्कर जपानी इंजिनिअर बसायचा. बसल्याबरोबर टोपी काढून मांडीवर ठेवायचा, मला किंचित वाकून नमस्कार करायचा आणि इअरफोन लावून डोळे मिटायचा.

“रोज काय ऐकता?” मी एकदा विचारलं.

“मोबाईलवर आमच्या प्रांतातला रेडिओ. या वेळेला तिथे कोण कोण वारलं, अंत्यविधी कधी, ते सांगतात.” तो हसला. “ओळखीचं नाव आलं नाही की माझा दिवस चांगला जातो.”

जानेवारीतल्या एका सकाळी त्याने एकदम डोळे उघडले.

“कोण?” मी हळूच विचारलं.

“मोठा भाऊ.”

“घरून फोन नाही आला?”

“आमचं बोलणं बंद होतं. वहिनीकडे माझा नंबरही नसेल.”

“मग आजच निघा ना!”

“अंत्यविधी उद्या सकाळीच आहे. पोचणार नाही.”

थोड्या वेळाने त्याने एक इअरफोन काढून माझ्यापुढे धरला. निवेदिका शांतपणे पुढची नावं वाचत होती. मला एकही शब्द कळत नव्हता, तरी मेसईद येईपर्यंत मी त्याच्याबरोबर ऐकत राहिलो.