आधी कोणी यायचं?

माझ्या बायकोच्या थोरल्या काकांइतका चौकस माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. असलाच तर त्या दोघांची भेट होऊ नये, कारण उत्तर द्यायला तिथे कोणीच उरणार नाही. काका मूळचे चांदवडकडचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करून निवृत्त झाले आणि नाशिकरोडला आमच्याच इमारतीत राहायला आले. नोकरीत यंत्रांना विचारायचे ते प्रश्न मग माणसांना विचारू लागले. दाताच्या डॉक्टरने तोंडात मशीन घातलं, तरी हे हाताच्या खुणांनी त्याला विचारणार, "किती वेगानं फिरतं हो हे?" आमच्या लग्नात ऐन सप्तपदीत त्यांनी गुरुजींना अडवलं, "सातच का?" गुरुजीही उत्साही निघाले. त्यांचं सविस्तर उत्तर संपेपर्यंत आम्ही नवरा-बायको तिसऱ्या पावलावर ताटकळत उभे होतो.

एकाच बाबतीत मात्र काकांना कधी प्रश्न पडला नाही. त्यांच्या मुलाने पुण्यात घरी न सांगता कोर्टात लग्न केलं, त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दिवाळीच्या सुमारास नातू झाला. काकू बाळंतविडा घेऊन पुण्याला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. काका इथे रोज खिचडी करून जेवत होते. आम्ही विषय काढला की म्हणत, "लहान कोण? तो. मग आधी कोणी यायचं? त्यानंच."

डिसेंबर लागला आणि तळमजल्यावरून करंज्या तळल्याचा वास यायला लागला. तिथे एक निवृत्त नर्स राहतात. त्या ख्रिस्ती, एकट्याच. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणते. एका संध्याकाळी फराळाचा डबा आणायला मी खाली गेलो, तर काका माझ्याआधीच तिथे मांडी घालून बसलेले. सिस्टर नाताळचा देखावा मांडत होत्या. पुठ्ठ्याचा गोठा, मातीची गाय, येशूचे आईवडील मरिया आणि योसेफ. काकांचं लक्ष मात्र बाळाला ठेवायच्या गव्हाणीवर.

"सिस्टर, ही गव्हाण नाय चालणार. लय उंच झाली. गाय वैरण खाणार कशी?"

"भाऊ, यात बाळ ठेवायचंय."

"बाळ? गव्हाणीत?" काका सरसावून बसले. "देवाचं बाळ ना तुमच्या? मग त्याला धड जागा नाय मिळाली?"

"नाही मिळाली. देवच बाळ होऊन आला, तरी धर्मशाळेत जागा नव्हती."

"पण मी म्हणतो, एवढा मोठा देव. वरूनच हुकूम सोडायचा. स्वतः कशाला यायचं?"

सिस्टर गोठ्यात पेंढा पसरता पसरता म्हणाल्या, "हुकूम आधीच दिले होते, भाऊ. माणसं ऐकेनात, लांब गेली. लांब गेलेल्याला हुकमाने जवळ आणता येतं का? म्हणून तोच आला."

"चूक माणसांची ना?"

"माणसांचीच."

"मग माणसांनी जायला पाहिजे त्याच्याकडं. चूक एकानं करायची आन् चालत दुसऱ्यानं यायचं, हा कुठला न्याय?"

"न्याय नाहीच तो," सिस्टर हसल्या. "आम्ही त्यालाच नाताळ म्हणतो."

काका म्हणाले, "आन् त्याच्या मोठेपणाचं काय?"

"ते घरी ठेवून आला."

यावर काकांचा पुढचा प्रश्न येईल म्हणून मी वाट पाहत होतो. आला नाही. त्यांनी गायीला उगाच जरा डावीकडे सरकवलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेले.

नाताळच्या सकाळी त्यांनी आमची बेल वाजवली. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. "जावईबापू, गाडी काढता का? पुण्याला जाऊन येऊ." निघताना सिस्टर चर्चला जायच्या गडबडीत होत्या. त्यांनी काहीएक न विचारता करंज्यांचा डबा काकांच्या हातात दिला. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, काका खिडकीबाहेर बघत राहिले. एरवी घाटातल्या प्रत्येक वळणाचा हिशेब मागणारा माणूस! मला गाडी चालवणं अवघड झालं.

दार मुलानेच उघडलं. दोघेही उभेच राहिले. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, तसं काकांनी चप्पल काढली आणि विचारलं, "आत येऊ का?"

मुलगा वाकला, पण पायांपर्यंत पोचायच्या आत काकांनी त्याला धरलं. मग सूनबाईंनी बाळ आणून त्यांच्या हातावर ठेवलं. बाळ अजून मान धरत नव्हतं. इतकी मशीनं हाताळलेला माणूस, पण त्या वेळी कोपर कुठे टेकवायचं तेही त्याला कळेना. बाळाच्या मानेखाली पंजा सरकवत ते हळूच मला म्हणाले, "देव खरंच एवढा लहान झाला असंल, तर त्याला भ्या वाटलं असंल का हो? आपल्याला कोण कसं उचलंल म्हणून?"

मी बाळाचं घसरलेलं दुपटं सारखं केलं.

आता काका जास्त करून पुण्यातच असतात. नातू बोलायला लागलाय आणि दिवसभर 'का? का?' करून आजोबांना बेजार करतो, असं काकू फोनवर सांगतात. इथे लिफ्टमध्ये कोणी कोणाला काही विचारत नाही. मजला आला की आपण उतरतो.