कच्च्या टाक्यावरचं चाक

आमचे हे शिंपी. कापडाला कात्री लावली की बघत राहावं असं काम, पण घरातला बल्ब बदलायचा तर स्टूल यांनी धरायचं आणि चढायचं मी. अशा माणसाने एक दिवस जेवताना जाहीर केलं, "गाडी मीच नीट करतो."

गाडी थोरल्या दिरांची. अडीच लाख किलोमीटर धावून तिची पार चिंधी झाली होती. त्यांनी ती आम्हाला दिली, म्हणजे दारात आणून सोडली आणि मागे वळूनही पाहिलं नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडून आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आकडा सांगितला. म्हटलं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण ही कोंबडी आम्हाला हवीच होती. लेकीला शेजारच्या गावातल्या दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी लागली होती. दुपारची पाळी सुटेपर्यंत शेवटची बस निघून गेलेली, म्हणून पोरगी रोज पाळी संपायच्या आधीच उठून यायची. शेवटी साहेबांनी बजावलं, पूर्ण पाळी करा, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो.

मग सुरू झालं. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, भंगारवाल्याकडून सुटे भाग शोधून आणायचे आणि दुकानामागच्या अंगणात गाडीखाली शिरायचं. सीटची कव्हरं तर अशी शिवली की नव्या गाडीने मान खाली घालावी. हळूहळू हॉर्न बोलू लागला, एक दिवस इंजिनही बोललं. मी कौतुक केलं नाही. कौतुक केलं की हे शेफारतात. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. सदरा उसवला तर फार तर चारचौघांत हसू होतं, गाडीचं तसं नाही. ही गाडी विकून टाका, असं मी दोघांना उठताबसता ऐकवत होते.

"अगं, प्रत्येक नट दोनदा बघतो मी," हे म्हणायचे.

ब्रेकचं काम शेवटी राहिलं. पुढची दोन्ही चाकं काढून आतले झिजलेले पॅड बदलायचे होते. उजवं झालं. डावं चाक परत चढवून हे हाताने नट फिरवत होते, तेवढ्यात कोटाचं गिऱ्हाईक आलं. यांनी जॅक उतरवला आणि हात पुसत दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातच ब्रेक दाबून पाहिले. लागले. दुपारी लेक हॉर्न वाजवत निघाली.

ती गेल्यावर हे त्याच कोटाचे कच्चे टाके काढत बसले. आधी कच्चा टाका, मग अंगावर घालून बघायचं, मग पक्की शिलाई, ही यांची जन्माची सवय. मी बटणं लावत होते. यांची कात्री एकदम थांबली.

"अगं, डाव्या चाकाला मी पाना लावलाच नाही."

"म्हणजे?"

"नट नुसते हाताने लावलेत. नंतर आवळू म्हटलं आणि..." चेहरा पांढराफटक पडला होता.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शपथ तिला मीच घातली होती. त्या क्षणी स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

शेजारच्या चष्मेवाल्याने आमचे चेहरे बघून काही न विचारता स्कूटरची किल्ली दिली. हे चालवायला, मी मागे, मांडीवर पाना. रस्ता नदीच्या कडेने, सगळा वळणावळणाचा. प्रत्येक वळणावर मी आधी कठडा तुटलाय का ते बघायचे, मग रस्ता. मनात येईल ते अभद्रच. देवाचं नावसुद्धा धड आठवेना. "हळू," म्हणून मी ओरडत होते आणि लगेच "लवकर" म्हणूनही.

पुलाच्या अलीकडे गाडी दिसली. कडेला उभी, दार उघडं, आत कोणी नाही. मग पलीकडच्या बाजूला, चाकापाशी उकिडवी बसलेली लेक दिसली. मी तिला आधी कवटाळलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला.

चाकावर चारातले दोनच नट उरले होते. तेच ती बोटांनी फिरवत होती.

"आवाज कधीपासून येत होता?" यांनी विचारलं.

"गावाबाहेर पडल्यापासून."

"मग तेव्हाच थांबली का नाहीस गं?"

ती चाकाकडेच बघत राहिली. "थांबले असते तर घरी फोन करावा लागला असता. मग आईने गाडी विकायलाच लावली असती. म्हटलं, हळूहळू नेते, पोचल्यावर बघू. पण इथे चाकच डुगडुगायला लागलं."

वाटभर मी तेच ठरवत आले होते, ही सुखरूप दिसली की गाडी भंगारात. माझ्या पोरीला निखळणाऱ्या चाकापेक्षा माझी भीती जास्त वाटली होती.

हे खाली बसले. मागच्या चाकाचा एक नट काढून इथे लावू, म्हणाले. पण हात इतके थरथरत होते की पाना नटावर बसेना. मी तो काढून घेतला आणि लेकीच्या हातात दिला.

"तू आवळ. कुठवर ते बाबा सांगतील."

तिने चारही चाकं आवळली. हे शेजारी बसून "अजून थोडं, अजून थोडं" करत होते. काम झाल्यावर तिने भीत भीत माझ्याकडे पाहिलं.

"यापुढे आवाज आला तर तिथल्या तिथे थांबायचं," मी म्हटलं, "आणि फोन आधी मला करायचा. गाडी विका म्हणणार नाही मी."

"नक्की?"

अजूनही त्या गाडीला काडी लावावी, असंच वाटत होतं.

"नक्की," मी म्हटलं. "जा आता, उशीर होतोय तुला."